बैलासारखं पारखून आणलेलं तिकाटणं

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू! खरं बोलणाऱ्याच्या नशिबी दुसरं काय येतं?

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. ज्याच्यावर कॅमेरा उभा राहतो, तो तीन पायांचा. मुठा गावात मला कुणी ट्रायपॉड म्हणत नाही, तिकाटणं म्हणतात. म्हणोत बापडे. माझा राग त्याचा नाही. या घटकेला माझ्या एका पायाला शेळी बांधलेली आहे आणि उरलेल्या दोन पायांवर ओलं घोंगडं वाळत घातलेलं आहे, राग त्याचा आहे.

माझ्यावर एक डोकंही आहे. कॅमेरा खरा त्या डोक्यावर बसतो. त्याला मागं लांब दांडी असते. ती धरून कॅमेरा खालीवर करायचा, डावी-उजवीकडं फिरवायचा. पाय वेगळे आणि डोकं वेगळं असतं, आट्यांनी एकमेकांत बसवलेलं असतं, एवढं ध्यानात ठेवा. काल गावची यात्रा होती. दिवसभर उन्हात राहून ते डोकं दमलंय आणि आता झोपलंय. म्हणून तर मला चार शब्द बोलता येतायत. जागं असलं की मधेच तोंड घालायची त्याला खोड आहे.

माझा जन्म एका लढाऊ विमानाच्या पंखातून झाला. ते विमान एकदा वर गेलं की खाली यायलाच तयार नसे. शेवटी वैतागून विमानवाल्यांनी ते वितळवलं आणि त्याला तीन पाय लावले. आता जा म्हणाले कुठं जातोस ते! तेव्हापासून मी जिथं उभा राहतो तिथून हलत नाही.

मला निवडलं शुभांगीनं. मारुंजीत भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीखाली तिचा छोटा फोटो स्टुडिओ होता. एक जुना फोटोग्राफर धंदा बंद करत होता, त्याच्या सामानात मी पडलेला. तिथं दहा जण आले. कुणी माझा रंग बघितला, कुणी मला उचलून “बापरे, केवढा जड!” म्हणून नाक मुरडलं. शुभांगीनं तसलं काही केलं नाही. तिनं माझे तिन्ही पाय पूर्ण लांब केले, वर तळहात ठेवून सगळा भार टाकला आणि मला पिळून बघितलं. मग स्वतःचा कॅमेरा लावला, लांबच्या पाटीवर लेन्स रोखली आणि माझ्या पायाला टिचकी मारली. काचेत पाटी हलली आणि लगेच थांबली.

“हाच,” ती म्हणाली. “जड हाय, पर उभा राहतोय.”

पारख म्हणतात ती ही, मित्रांनो! आधी काय टिपायचं ते ठरवावं, मग त्याला कसले पाय आणि कसलं डोकं लागेल ते बघावं.

आम्ही काय काय नाही केलं! एकदा लवासाच्या तळ्याकाठी एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढत होतो. असं वारं सुटलं की नवरीची ओढणी गेली, नवरदेवाचा टोप गेला, पाठोपाठ एका बंद हॉटेलाचा दरवाजा चौकटीसकट डोंगरापल्याड गेला. शेवटी त्या नवरदेवानं कुणाला मिठी मारली? नवरीला? छट्! मला. मी होतो म्हणून तो आज संसारात आहे.

मग दिवस फिरले. जो तो मोबाईल उंच धरून स्वतःच फोटोग्राफर झाला. शुभांगीनं मारुंजीची खोली सोडली आणि सगळं सामान मुठ्याला सासरी आणलं. कॅमेरा कपाटात गेला, मी शेळ्यांच्या गोठ्यात गेलो. इथला पाऊस तुम्हाला माहीत असेल, दगडालाही बुरशी आणतो. माझ्या तिसऱ्या पायाची खिट्टी, म्हणजे पाय लांब-आखूड करून आवळायची ती कळ, गंजून घट्ट झाली. सासूबाई सगुणाबाईंनी मला पाहिलं आणि खूश झाल्या. “बरं झालं गं, घोंगडं टाकायला काय तरी झालं!” त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती. पण मस्तक माझं नव्हतं, त्या डोक्याचं होतं.

आता यंदाची गोष्ट ऐका. यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होत्या. शेवटच्या रेषेवर कॅमेरा लावायचा असतो. दोन गाडे एकदम आले, तर कुठल्या बैलाचं नाक आधी पुढं गेलं ते फोटोवरून ठरतं. ते काम यात्रा कमिटीनं यंदा शुभांगीला दिलं. रेषेवरच्या कॅमेऱ्यावर आजवर बाई कधी बसली नव्हती. कट्ट्यावर कुजबुज झाली. पण कमिटीचे पंच जनार्दनअण्णा म्हणाले, “बसू द्या तिला. चुकली तर पुन्यांदा न्हाई बसवणार, हाय काय त्यात!” म्हणजे तिला संधी एकच होती. ती गेली की कॅमेरा पुन्हा कपाटात जाणार होता, आणि या खेपेला तो कायमचाच.

तिचे सासरे गेणबा. उभ्या हयातीत त्यांनी बैल पारखले. सून रेषेवर बसणार म्हटल्यावर त्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण तुटून थेट पिरंगुटच्या एस.टी.त जाऊन पडलं. “माझी सून जुनं तिकाटणं घिऊन बसनार? न्हाई जमायचं! म्या नवं आनतो.” आणि धाकट्या लेकाला, राजूला, घेऊन ते पुण्याला गेले.

पुढचं मला राजूनं सांगितलं. सांगत होता तो शेळीला, पण ऐकत मी होतो. दुकानात गेणबांनी तिकाटणी एका ओळीत उभी करायला लावली, बाजारात बैल करतात तशी. मग खांद्यावरचा टॉवेल सारखा करत एकेकाभोवती चक्कर मारली. जाड पायांचं दिसलं की म्हणायचे, “हा नांगराचा. पळनार न्हाई.” शेवटी एका उंच, काटकुळ्या पायांच्या चकचकीत तिकाटण्यापाशी ते थांबले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. ते नखशिखांत थरथरलं.

“बघ राज्या!” गेणबा हरखले. “हात लावला की थरारलं! आंगात वारं हाय ह्याच्या!”

मित्रांनो, शर्यतीचा बैल असाच निवडतात. हात लागताच ज्याचं कातडं थरारतं, तो पळतो. पण ट्रायपॉडला कुठं पळायचं होतं?

दुकानदार म्हणाला, “काका, काम काय आहे? लेन्स जड असेल तर हे चालणार नाही.”

“तू कधी बैल घेतलास का?”

“नाही.”

“मग गप बस. आन डोकं दाव.”

डोक्यांतही त्यांनी गोळ्याचं डोकं निवडलं. म्हणजे आत एक गोळी असते, त्यामुळं ते एका कळीवर चहूकडं वळतं. एकेक फोटो झटपट काढायला ते ठीक असतं. पण ते होतं लहानसं, आणि पुढं जड लेन्स लावली की हळूहळू मान टाकणारं. गेणबांनी मान चारदा गरगर फिरवली. “तरनं हाय!” म्हणाले.

घरी आणल्यावर शुभांगीनं कॅमेरा लावून बघितला. “मामंजी, हे हलतंय ओ.”

“हलनारच! जिवंत हाय त्ये!”

आता सासऱ्यानं एवढ्या हौसेनं आणलेलं, ती काय बोलणार? गोठ्यात येऊन माझ्याकडं नुसती बघत उभी राहिली. मी ओरडलो, “ने मला! ने!” पण सगुणाबाईंनी मधे घोंगडं टाकलं.

काल यात्रा भरली. पहिल्याच मोठ्या फेऱ्यात मुठ्याच्या कैलासचा हरण्या आणि मारुंजीच्या चंद्रकांतचा टायगर एकदम रेषेवर आले. खुरांनी जमीन हादरली. त्या हादऱ्यानं नवं तिकाटणं असं थरथरलं की स्वतःच शर्यतीत निघालं की काय वाटावं. गोळ्याच्या डोक्यानं मान टाकली. फोटोत काय आलं? दोन ढग आणि एक शेपूट.

कैलास धावत आला. “ही शेपटी कुनाची हाय, सांग! फोटू काढलास का रांगोळी?”

चंद्रकांत म्हणाला, “वहिनी, आमच्या टायगरला तीन नाकं दिसतायत ह्यात. कुठलं धरायचं?”

माणसं हसली. कुणीतरी मागून म्हणालं, “बाईला भाकरी थापाय सांगायची सोडून...” शुभांगी वाकून डोक्याची कळ पुन्हा आवळत होती. जनार्दनअण्णांनी शिट्टी वाजवली. “फेरा पुन्यांदा हुईल. ह्या खेपंला फोटू हलला तर कॅमेरा खाली. बास!”

गेणबा उठले. त्यांनी नव्या तिकाटण्याच्या पाठीवर पुन्हा थाप मारली. ते पुन्हा थरथरलं. म्हातारा कपाळावर हात मारून म्हणाला, “म्या पळनारा आनला, पोरी. तुला थांबनारा पायजे व्हता.” मग गरजले, “राज्या! गाडी काढ! गोठ्यातलं आन!”

आणि मित्रांनो, राजू मला न्यायला आला! तुमचा विश्वास बसणार नाही, पण त्याच्या गाडीवरून मी असा निघालो की वाटेत मैलाचे दगड उठून उभे राहिले. कसली खिट्टी आणि कसला गंज! मैदानात पोचताच माझे पाय आपोआप खटाखट उघडले. रेषेजवळ बैल बांधायला बाभळीचा एक जाड खुंटा पुरलेला होता. लोक उगाच म्हणतात की कालच्या कामात त्याचा काही हात होता. काही नव्हता! खुंटा तो खुंटा.

मी मातीत पाय रोवले. शुभांगीनं लेन्स रेषेवर लावली आणि डोकं आवळलं. निशाण पडलं. हरण्या आणि टायगर उधळत आले, जमीन हलली, मांडव हलला, जनार्दनअण्णांच्या तोंडातली शिट्टी हलली. मी हललो नाही. फोटोत हरण्याचं नाक रेषेपुढं स्वच्छ दिसलं, नाकावरची माशीसुद्धा दिसली. चंद्रकांतनं वाकून वाकून बघितलं आणि फेटा सारखा करत म्हणाला, “हाय बाबा. हरलो. फोटूत खोट न्हाई.”

कैलासनं शुभांगीवर गुलाल उधळला. पुढच्या साली रेषेवर हीच बसणार, असं जनार्दनअण्णांनी भोंग्यावरून सांगितलं. मघाचा भाकरीवाला कुठं गेला ते मात्र कुणाला दिसलं नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, जी वस्तू तुमच्यासाठी उभी राहते तिला गोठ्यात टाकू नका. पावसाळ्याआधी तिला कोरड्या फडक्यानं पुसा, खिट्टीत तेलाचा थेंब सोडा. तिच्या पायाला शेळी तर मुळीच बांधू नका! कारण ऐन वेळी तिलाच हाक मारावी लागते आणि ती येते. काल मी आलो. काल त्या रेषेवर मी उभा होतो म्हणून शुभांगीचा कॅमेरा...

“खोटं!”

माझ्या वरूनच आवाज आला. डोकं जागं झालं होतं.

“राजूनं तुला लई वडलं. तुझी खिट्टी गंजल्याली, तुला मिटता यीना, घोंगडं आडाकलं, शेळी वरडाय लागली. मग त्यानं आटं फिरवून मला एकट्यालाच काढलं आन पिशवीत घालून न्हेलं. म्हाताऱ्यानं त्या बाभळीच्या खुंट्याला वरनं भोक पाडून मला बसवलं. तू आला आसतास तर हलला नसतास, त्ये मला ठावं हाय. पर तू आला न्हाईस. तू हितं शेळी राखत व्हतास.”