न पुकारलेला नंबर

"निकालाकडे बघू नकोस, परीक्षकाच्या हातांकडे बघ. मांजराचा दात सुईसारखा. वरून टाचणीएवढं भोक, आत सगळी घाण. आणि परीक्षक जीव गेला तरी सांगायचे नाहीत." मांजरांच्या प्रदर्शनात रिंगचं, म्हणजे परीक्षकाच्या टेबलाजवळचं काम शिकवताना जुन्या क्लार्कबाईंनी तिला बजावलं होतं. "हात बघायला मी काय ज्योतिषी आहे?" म्हणत ती हसली आणि पिंजरे पुसायला लागली.

आता तिला स्वतःचं लेकरू होतं आणि काहीही हसण्यावारी न्यायची सवय पार गेली होती. बाळ शिंकलं की हिच्या काळजात धस्स. नवरा म्हणायचा, थर्मामीटर गळ्यातच घालून फिर. तरी बाळाला त्याच्याकडे सोपवून ती मांजरांच्या प्रदर्शनाला जायचीच. काम साधं. नंबर पुकारायचा, मालकाने मांजर पिंजऱ्यात ठेवलं की परीक्षकबाईंना मान हलवून सांगायचं, निकाल टिपायचा, रिकामा पिंजरा जंतुनाशकाने पुसायचा. बोलायचं मात्र नाही. कुठलं मांजर कुणाचं हे परीक्षकांच्या कानावर पडता कामा नये, म्हणून क्लार्कने नंबरापलीकडे तोंड उघडायचं नाही, असा दंडकच.

त्या रविवारी, प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर तिच्या ध्यानात आलं, परीक्षकबाई मांजर डाव्या हाताने उचलतायत. एरवी त्यांचा उजवा हात मांजराच्या पाठीवरून असा फिरायचा, जणू डोळे बोटांनाच आहेत. प्रत्येक मांजरानंतर दोन्ही हातांना जंतुनाशक चोळायचं असतं. बाई नुसताच डावा हात ओल्या फडक्याला पुसत होत्या. उजव्याला झोंबत असणार, त्याशिवाय नाही.

टेबल पुसायच्या निमित्ताने ती जवळ गेली. अंगठ्याखाली दोन टिपके, तळवा टम्म सुजलेला आणि मनगटावरून वर चढणारी लाल रेघ.

"बाई, कधी चावलं?"

"नंबर पुकार."

"कधी?"

"काल. तो करडा बोका. बिचारा भेदरला होता गं. चावरा म्हणून नोंद झाली की त्याचं प्रदर्शन कायमचं बंद. अंतिम फेरी होऊ दे, मग बघू."

अंतिम फेरी म्हणजे निवडलेली मांजरं पुन्हा बोलवायची, आणि बोलवणार कोण, तर ही. समोर मालक माना उंच करून बसलेले. तिने नंबरांचा कागद टेबलावर पालथा घातला आणि वर पाण्याची बाटली ठेवली.

"मी नाही पुकारणार."

"लेकराला खोकला आला तरी ॲम्ब्युलन्स बोलावत असशील तू."

"बोलावलीये एकदा. हसून परत गेले. तुम्हाला बघून नाही हसणार."

व्यवस्थापक तरातरा आला. "काय चाललंय इथे? तू क्लार्क आहेस, डॉक्टर नाहीस."

"नाहीये, म्हणूनच डॉक्टरकडे पाठवा म्हणतेय."

"लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. दुसरे परीक्षक आणा, दुसरी क्लार्क आणा. बाई गाडीत बसल्याशिवाय हा कागद कुणाला मिळायचा नाही."

बाईंनी उजवी मूठ वळून पाहिली. बोटं अर्ध्यावरच अडली.

"मिटत नाहीये गं," त्या हळूच म्हणाल्या.

ती स्वतः त्यांच्यासोबत गेली. त्याच संध्याकाळी हाताला चीर देऊन आतली घाण काढावी लागली. आणखी एक दिवस गेला असता तर बोटांची खात्री नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. बोक्याची नोंद व्हायची ती झाली. पुढच्या प्रदर्शनाला व्यवस्थापकाने तिला बोलावलं नाही. न का बोलावेना.

बाई एकट्या राहतात. अंगठा अजून ताठ आहे, आणि फोनवर मात्र "मी ठणठणीत" हे ठरलेलं. म्हणून ती फोनच्या भरवशावर राहत नाही. बाळाला कडेवर घेऊन थेट घरी जाते आणि समोर बसून पट्टी सोडायला लावते. आणि जो भेटेल त्याला जे सांगते, तेच तुम्हालाही सांगतेय: तुमच्या ओळखीत मांजरं सांभाळत एकटं राहणारं कुणीतरी असेलच. फोन करू नका, फोनवर सगळेच बरे असतात. आज जरा जाऊन बघून या.