रोजच्या चित्राची फळी

मी एक फळी बोलतेय. सागाची, दीड हात लांब, वीतभर रुंद. समोरून बघाल तर माझं लाकूड तुम्हाला दिसायचं नाही. चुन्याचे थर बसून बसून बोटाच्या पेराएवढी जाडी आली आहे. प्रत्येक थराखाली एक चित्र आहे. कुठे नारळ, कुठे कांदा, कुठे नुसता एक शिंपला. मला सगळी पाठ आहेत. आणि ती काढताना घरात जी भीती असायची, तीही पाठ आहे.

माझा जन्म पालीकडच्या रानातला. झाड होते तेव्हा समुद्र ऐकूनही ठाऊक नव्हता. सुताराने तासून मला दयारामच्या मचव्यात बसवलं, सुकाणूजवळ. दयाराम मुरुडच्या कोळीवाड्यातला, मोठा हट्टी. एका वर्षी नारळी पुनवेच्या चार दिवस आधीच त्याने मचवा लोटला. "दर्या निवला हाय," म्हणाला. निवला नव्हता. भर दुपारी मचवा खडकावर फुटला. दयारामने मला धरलं, आधी दोन्ही हातांनी, मग एकाने. त्याची नखं माझ्या पाठीत रुतली. मग सुटली. मी लाकूड, मी तरंगले.

किनाऱ्याला लागले तेव्हा त्याच्या बायकोने, केसरने, मला ओळखलं. घरी नेऊन तिने मला दाराआड उभी केली, नखांची बाजू भिंतीला लावून. ती बाजू तिने कुणाला दाखवली नाही. दहाव्याला तिने दयारामची लाल टोपी आणि अर्धी भाकरी पिंडाजवळ मांडली होती. कावळा संध्याकाळपर्यंत शिवला नाही. ती घरी येऊन माझ्याशेजारी बसली आणि एवढंच म्हणाली, "शिवला न्हाय." तेव्हा तिचा हरेश्वर रांगत होता.

तो मोठा झाला आणि तोही दर्यावरच जाऊ लागला. दुसरं काय करणार? तुळशी त्याची बायको होऊन आली. तिची आय लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायची, तो हात लेकीत उतरला होता. लग्नानंतर पहिल्यांदा नवरा दर्यावर गेला, तशी ही घरभर नुसती फिरत राहिली. चूल पेटवायची विसरली. मग काय मनात आलं, तिने मला ओढून काढलं, चुना फासला. टोपली पालथी घालून तिच्यावर एक नारळ ठेवला. शिंदीची काडी ठेचून तिचा कुंचला केला आणि समोर बसली. रंग म्हणजे गेरू, हळद आणि दिव्याची काजळी.

शेजारची मैना डोकावली. "आख्खा नारळ सोडून त्याचं चित्र काय काढतंस गो?"

"तो हलत न्हाय," तुळशी म्हणाली. "दर्या हलतो, होडी हलते, माझं काळीज हलतं. ह्यो एकटा जागच्या जागी हाय."

संध्याकाळी हरेश्वर उंबऱ्यात आला. दुसऱ्या सकाळी तिने त्या नारळावर चुना दिला आणि कांदा मांडला. पुढे तोच नियम झाला. रोज एक वस्तू, वीतभर उंच आणि अर्धी वीत रुंद चित्र. नवरा परत आला की मगच चुना. आला नसेल तर चुना नाही, नवं चित्र जुन्याच्या शेजारी. ताप असो, पाव्हणे असोत, खंड नाही. मैना म्हणायची, "काल बांगडा, आज वांगं. उद्या भात घेऊनच येते मी!" तुळशी हसायची, पण काडी थांबवायची नाही. थांबवली तर काय होईल, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं होतं, आणि आपणच ठरवलेली भीती फार चिवट असते.

एक दिवस तिने हरेश्वरची सणाची लाल टोपी मांडली आणि शेजारी त्याने टाकलेली अर्धी भाकरी. लालाशेजारी भाकरीचा रंग बरा दिसला असेल, एवढंच. केसर मासळी विकून आली ती डोक्यावरच्या टोपलीसकट दारातच थिजली.

"उचल! आधी उचल ती! दहाव्याला मांडल्यासारखी मांडलीस गो! जिता हाय माझा पोर!"

"आय, मी नुसतं..."

"त्याच्या वस्तूला हात लावायचा न्हाय. कांदं काढ, कोलबी काढ, माझं थोबाड काढ! पर ती टोपी न्हाय."

तुळशीने मुकाट्याने टोपी खुंटीला टांगली. मलाही हायसं वाटलं.

मग ते वादळ आलं. मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीचं चौथं वर्ष, दिवाळी नुकतीच झालेली. हरेश्वर दोन दिवसांच्या बोलीने गेला आणि दुसऱ्याच दिवशी वारा फिरला. माडांच्या झावळ्या जमिनीला टेकल्या. तो गेला त्या दिवशीचा नारळ माझ्यावर होताच. त्याच्या शेजारी कांदा आला. मग चिंबोरी. मग शंख, पणती, सुपारी. वाड्यातल्या दोन होड्या परत आल्या, हरेश्वरची नाही. पणतीची कड वाकडी आली, ती मला अजून टोचते.

सहाव्या संध्याकाळी तिने बोटांनी माझी कड मापली.

"जागा सरली, आय. आता चुना दिला तर तो आला म्हनून खोटं सांगितल्यासारखं व्हईल. आनि न्हाय काढलं तर..."

सकाळी केसरने मला उचललं आणि उलटी केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीला उजेड लागला. नखांच्या चार खुणा. तुळशीने त्यांवरून बोट फिरवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"ह्या अंगाला काढ," केसर म्हणाली. तिने ओटीवर टोपली पालथी घातली, खुंटीवरची लाल टोपी आणून ठेवली, शेजारी अर्धी भाकरी. "मेलेल्याला मांडतात, तर जित्याला का मांडू नये? तू काढ. कावला शिवनार न्हाय. मी हाय."

ती काठी घेऊन बसली. मांडलेल्याला कावळ्याने शिवावं म्हणून सगळं जग हात जोडतं. ही कावळ्यांना हाकलत होती. तीनदा आले, तीनदा काठी फिरली. तुळशीचा रंग माझ्या खुणांमध्ये उतरत होता आणि मी मनात म्हणत होते, बाई, एवढं तरी हातून सुटू देऊ नकोस.

टोपी झाली. भाकरी अर्धी झाली. दोघींचे डोळे दर्याकडे. इतक्यात मागून काहीतरी भाकरीकडे झेपावलं. केसरने न बघताच काठी हाणली.

"हाड मेल्या!"

"आय गो! मारतंस कशाला?"

हरेश्वर होता. ओठ फाटलेले, पायांना फोड. वाऱ्याने होडी पार रेवसला नेऊन टाकली होती. तिथून तो दोन दिवस चालत आला, जमिनीच्या अंगाने, जिकडे कुणी बघत नव्हतं तिकडून. आणि भाकरी त्याच्या तोंडात होती.

"ठेव ती!" तुळशी ओरडली. "अर्धीच झाली हाय माझी!"

मग काडी तिच्या हातून पडली. केसर हसायला लागली, आणि हसता हसता माझ्यावरच कोसळली. भाकरीचा ओला रंग तिच्या लुगड्याला लागला.

त्याला अकरा वर्षं झाली. केसर आता नाही. माझ्या पाठीवर ती टोपी, ती अर्धी भाकरी आणि लुगड्याने पसरवलेला डाग तसाच आहे. त्यावर तुळशीने कधी चुना दिला नाही. पुढची बाजू मात्र रोज पांढरी होते, रोज भरते. लोकांना वाटतं, सवयीने भीती कमी होत असेल. नाही होत. चुना रोज तेवढाच गार लागतो.

कधी या घरी आलात तर माझ्यावर बोट टेकवून रंग वाळला का ते बघू नका, एवढं ऐका; तो परत यायच्या आधी चित्र पुसलं जायला नको.

आज टोपलीवर एक लिंबू आहे. ऊन उतरलं. बाकीच्या होड्या लागल्या, हरेश्वरचं शीड अजून दिसत नाही. चित्र केव्हाच झालं आहे. तरी तुळशी लिंबाच्या सावलीवरून काडी फिरवतेच आहे.