उघडा तळहात

इलोना झाबोच्या भंगाराच्या आवारात एकच कायदा चालायचा. तिच्या नवऱ्याने, तो होता तेव्हा, तो एका विमानाच्या पंख्याच्या पात्यावर लाल रंगाने लिहून फाटकावर टांगला होता: ज्याचा तळहात वस्तूवर, वस्तू त्याची, तळहात उचलला की पुन्हा आवाराची. खाली वाकड्या अक्षरांत मागाहून घातलेली भर होती: हातमोजा चालणार नाही. कुणी एकाने तीन वस्तूंवर हातमोजे ठेवून, वर दगड मांडून, न्याहारीला जायचा शहाणपणा केला होता, तेव्हापासूनची.

इलोना खडू घेऊन येई आणि वस्तूवर गिऱ्हाइकाचं नाव लिही, तोवर हात हलवायचा नाही. त्यामुळे दर शनिवारी मोहावीच्या वाळवंटात मजेदार दृश्य दिसे. चांगली पिकल्या केसांची माणसं एक हात इंधनाच्या टाकीवर आणि दुसऱ्या हातात न्याहारीचा बरिटो, अशी खांबासारखी उभी. थर्मन ओक्स तर एकदा रॉकेटच्या नाकाडाला धरून आठपासून साडेबारापर्यंत उभा राहिला होता. त्या दिवशी उन्हाकडचा कान जो भाजला, तो अजून दुसऱ्यापेक्षा लाल आहे, आणि नव्या माणसाला तो आधी कान दाखवतो, मग नाव सांगतो.

भंगारातल्या या शिकाऱ्यांत कोरीन बॅलर्ड वयाने सगळ्यांत धाकटी. तिच्याहून धाकटी एकच, तिच्या छातीवरच्या झोळीत तोंड बाहेर करून बसलेली ओपल. वय नऊ महिने, दात दोन.

बाकीचे कुणी वैमानिकाची खुर्ची शोधत, कुणी घड्याळासारखी यंत्रं, कुणी रॉकेटच्या झडपा. कोरीन एक शिक्का शोधत होती. तिची आई व्हर्ना सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं तपासनीस होती. रॉकेटचा भाग तिच्या टेबलावर यायचा, ती तो उलटासुलटा करून, ठोकून, भिंगाखाली धरून बघायची आणि मनासारखा असला तरच त्यावर निळ्या शाईचा शिक्का उठवायची. षटकोनात ३१८. प्रत्येक तपासनिसाचा आकडा वेगळा, आणि व्हर्नाच्या शिक्क्यातल्या आठाचा वरचा कोपरा तुटलेला. झिजलेला एक जुना शिक्का तिने घरी आणला होता. रोज सकाळी कोरीनच्या डब्याची कागदी पिशवी उघडून, सँडविच आहे, सफरचंद आहे, रुमाल आहे असं बघून, त्यावर ती तो उठवायची. एकदा शाळेत जाताना तिने कोरीनच्या वेणीला नापासाची लाल चिठ्ठी बांधली होती आणि वेणी पुन्हा घालायला लावली होती.

कारखाना सोडताना दोन्ही शिक्के जमा करावे लागले. नियम तसा होता, आणि व्हर्नासारखी बाई नियम मोडणार थोडीच. पुढे ती गेली. कपाटात कपडे निघाले, पाककृतींची वही निघाली, पण ३१८ कुठेच निघाला नाही. तेव्हापासून दोन वर्षं कोरीन दर शनिवारी दीड तास गाडी हाकत इथे यायची. पोट पुढे आलेलं असतानाही यायची. सगळं आवार तिला ‘तीनशे अठरा’ म्हणूनच ओळखायचं, आणि दिसला तर फोन करतो असं सगळ्यांनी कबूल केलं होतं. थर्मननेसुद्धा.

थर्मनचीच तर खरी भीती. त्याला घासायचा नाद होता. आणलेली प्रत्येक वस्तू तो आधी थिनरने पुसायचा आणि मग आरशासारखी लख्ख होईपर्यंत घासत बसायचा. आकडे, खुणा, शिक्के, सगळं चिंधीवर यायचं. कोरीनने त्याला एकदा बजावलं होतं, की तुम्ही इतिहास पुसताय. त्यावर तो म्हणाला होता की चाळीस वर्षं कुणी अंघोळ घातली नाही बिचाऱ्यांना, मी घालतो तर पाप लागतं काय.

त्या जानेवारीच्या शनिवारी बंद पडलेल्या एका गोदामाचा माल येणार होता. कोरीन पावणेआठलाच फाटकाशी पोचली होती, पण आठला तीन मिनिटं असताना ओपलने आपला कार्यक्रम उरकला. गाडीच्या मागच्या सीटवर लंगोट बदलून होईतो फाटक उघडलं, आणि थंडीने आखडलेले सगळे म्हातारे पोरांसारखे आत धावले.

कोरीन धावत पोचली तेव्हा एका हातात बाळाची पिशवी होती, आणि दुसऱ्यात गुंडाळलेला लंगोट, कारण फाटकाजवळची कचरापेटी भरून वाहत होती. तिसऱ्या रांगेत खोके फोडून ठेवले होते. एका खोक्यातून टायटॅनियमचा गोळा डोकावत होता, भोपळ्याएवढा, धुळीने राखाडी झालेला. रॉकेटमध्ये दाबाखाली वायू भरून ठेवतात त्यातला. थर्मन आधीच त्यावर वाकला होता आणि दातांनी हातमोजा ओढत होता. आणि गोळ्याच्या कडेला, धुळीखाली, निळा षटकोन होता. तीन. एक. तुटक्या कोपऱ्याचा आठ.

कोरीनने तो लगेच ओळखला. पण शिकाऱ्यांत एक रीत असते: जे हवं, त्याकडे तुंबलेल्या मोरीकडे बघावं तसं बघायचं. तिने तोंड तसंच केलं आणि वाकली. हात दोन्ही भरलेले. लंगोट टाकावा तरी कुठे, या विचारात अर्धा क्षण गेला, आणि त्या अर्ध्या क्षणात ओपलने झोळीतून हात लांब करून गोळ्यावर फाडकन चापटी मारली. तो आवाज तिला इतका आवडला की तिने हात तिथेच ठेवला. पाठोपाठ थर्मनचा उघडा तळहात पडला.

वाद इलोनाकडे गेला. ती भंगारातल्या वैमानिकाच्या खुर्चीत बसून कॉफी पीत होती. बाळाचा हात हात नव्हे, असं थर्मनचं म्हणणं. इलोना उठली नाही. लांबूनच मान वाकडी करून तिने पाहिलं.

“कायद्यात वय लिहिलेलं नाही, म्हाताऱ्या. हात उघडा आहे. वर ओलाही आहे.”

मग तिने निकाल दिला. पहिला हात ओपलचा, दुसरा थर्मनचा. आपली कॉफी संपून खडू घेऊन येईतो पोरीचा हात राहिला तर वस्तू तिची, सुटला तर दुसऱ्याची. आणि आईने मनगट धरायचं नाही, कारण धरलेला हात म्हणजे काही ठेवलेला हात नव्हे.

कोरीनने आयुष्यात इतकी गाणी एका दमात म्हटली नव्हती. ती डुलली, शीळ घातली, ओपलच्या टाळूवर ओठ टेकवून तिच्या आवडीचा बेडकाचा आवाज काढला. गोळा बर्फासारखा गार, पण ओपल खूश होती, बोटं उघडून मिटून धुळीत ओरखडे काढत होती. थर्मन समोर उभा राहून सहज विचारावं तसं विचारत होता, की एवढं काय याच्यात, करणार काय याचं. कोरीन म्हणाली, कापून पाखरांना पाणी ठेवीन. थर्मनला ते ऐकवेना. त्याने मोकळा हात खिशात घातला आणि किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला विमानाच्या इंजिनातलं एक पातं लोंबत होतं, थर्मनने स्वतः घासलेलं. सकाळचं ऊन त्यावर असं चमकलं की म्हाताऱ्यांनीही माना वळवल्या.

ओपलने गोळा सोडला आणि दोन्ही हातांनी ऊन धरायला गेली.

“न्याय झाला,” थर्मन म्हणाला. एरवी लबाड वाटला नसता, पण लाल कानासकट हसत होता. किल्ल्या ओपलच्या मुठीत गेल्या. मग, एक तळहात गोळ्यावर तसाच ठेवून, त्याने कोटाच्या आतून चपटी बाटली आणि चिंधी काढली, दातांनी बूच फिरवलं. इलोना येईतो याचं तोंड तरी धुतो, म्हणाला.

लंगोट खाली पडला. पिशवीही पडली. कोरीनचा तळहात निळ्या शिक्क्यावर होता.

“हात काढ, पोरी. थिनर आहे, कातडी जळेल.”

“जळू दे.”

“हरलीस ना पण? तुझ्याच लेकीने...”

“खाली तीनशे अठरा आहे, थर्मन.”

थर्मनने बाटली शेजारच्या खोक्यावर ठेवली. चष्मा कपाळावरून खाली घेतला. तिने एक बोट बाजूला केलं, मग दुसरं. त्याने आठाचा तुटका कोपरा पाहिला आणि पुष्कळ वेळ पाहत राहिला.

“आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही बोलला असतात?”

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. “नाही,” म्हणाला.

चूक तिचीच होती आणि दोघांनाही ती समजत होती. शिकारी नसलेली कुणीही बाई फाटकापासून ओरडत आली असती, आणि या म्हाताऱ्याने गोळा स्वतः उचलून गाडीत ठेवला असता.

“माझ्या गॅरेजात असले नऊ आहेत,” थर्मन हळू म्हणाला. “सगळ्यांची तोंडं धुतलीत मी.”

त्या नवांत एखादा व्हर्नाने तपासलेलाही असेल, नसेलही. थर्मनने बाटलीचं बूच घट्ट केलं, दोनदा केलं. तेवढ्यात इलोना खडू घेऊन आली आणि कुणाचं नाव, म्हणून विचारलं. थर्मनने गोळ्यावरचा तळहात उचलला, दोन्ही हात खिशात घातले आणि आकाशाकडे बघत म्हणाला, फार थंडी आहे बुवा, हात काही टिकेना. इलोनाने त्याच्याकडे पाहिलं, मग शिक्क्यावरच्या तिसऱ्या, कोरीनच्या हाताकडे, आणि काही न विचारता तिचं नाव लिहिलं.

गोळा गाडीपर्यंत थर्मननेच नेला. पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा बांधला. ओपल मागे तिच्या खुर्चीत, तोंडात थर्मनच्या किल्ल्या. आईने पास केलेला हा गोळा वर कधी गेला नाही, जादाचा म्हणून गोदामातच राहिला, हे कोरीनला आत्ता सुचलं. आईला ते चाललं असतं. तपासलेलं नीट असलं की पुढचं तिच्या हातात नव्हतं. कोरीनला रडू आलं असतं, पण थर्मन अजून खिडकीत वाकलेला होता.

शिक्क्याच्या बाजूला धुळीत पाच इवल्या बोटांचा ठसा उमटला होता, कडांना लाळ वाळत होती.

“त्या शिक्क्याला नाही हात लावत मी,” थर्मन म्हणाला. चिंधी अजून त्याच्या हातात होती. “पण हा चिकट डाग तरी पुसू का? कोरड्या फडक्याने?”

“हात मागे घ्या,” कोरीन म्हणाली, आणि काच वर केली. मग पुन्हा खाली केली, कारण त्याच्या किल्ल्या द्यायच्या राहिल्या होत्या, आणि ओपल त्या सोडायला तयार नव्हती.