गठ्ठ्यातला पूल

गांधीनगरहून परत आलेल्या माणसानं निदान तोंड तरी धुवावं. ह्यांनी चपला काढल्या, खाटेवर बसले आणि म्हणाले, "आपली खाडीनं नाव कोणीच लिधं नई."

आमच्या लिंबायतच्या पोरांना शाळेत जायला पाण्याच्या पाइपवरून खाडी ओलांडावी लागायची. मागच्या पावसाळ्यात एक मुलगी त्यावरून घसरली, लोकांनी ओढून काढली म्हणून वाचली. तेव्हापासून मला घोर लागला होता. तिथला पूल सरकारनं बजेटात धरलाय, गांधीनगरला विधानसभेत मंजूर व्हायचा तेवढा राहिलाय, असं आमदार सांगून गेले होते. मंजूर झाला तर आमची चंचल इथंच शिकणार, नाहीतर परीक्षा संपली की पारोळ्याला मामाकडे. ती मंजुरी कानांनी ऐकायला म्हणून हे यंत्रमागाच्या कामावरून सुट्टी घेऊन, पास मिळवून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते. जसं काही पूल ह्यांच्याच हातात देणार होते.

तिथं दिवसभर नुसता गोंधळ. बांधकाम खात्याची पाळीच आली नाही, मग आमच्या खाडीचं नाव कोण घेणार? शेवटी अध्यक्षांनी घाईघाईनं काहीबाही वाचलं, सगळे 'हा, हा' म्हणाले आणि उठले. हे रागारागानं आमदारांना न भेटताच निघाले.

मला रडू कोसळलं. चंचलसमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, तेही जमलं नाही. मग ट्रंक ओढली आणि तिचे फ्रॉक भरायला घेतले. हाताला काम असल्याशिवाय मला दुःखसुद्धा करता येत नाही.

तेवढ्यात शेजारचा धम्मपाल चौकशीला आला. तो बांधकाम खात्याच्या कचेरीत कारकून. अध्यक्षांनी काय वाचलं ते त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं आणि हसायलाच लागला. हातातला फ्रॉक त्याला फेकून मारावासा वाटला मला.

"उखाभाऊ, दरवर्षी असंच होतं," तो म्हणाला. "वेळ संपली की राहिलेल्या सगळ्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या चर्चेशिवाय एकदम मताला टाकतात. मग सगळ्यांचं मिळून एकच विधेयक करतात, त्यातून कोणाला काही काढता येत नाही. व्यापारी कापडाचे चार ताके उघडून बघतो, बाकीचे तसेच गठ्ठ्यात बांधून नेतो ना? तुमचा पूल त्या गठ्ठ्यात आहे."

"मंग ते 'हा' आपला पूलले व्हतं?" हे एवढंच म्हणाले आणि तोंड धुवायला उठले.

पुढं विधेयक पास झाल्याचं गुजराती पेपरात आलं. धम्मपालनं वाचून दाखवलं, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. पूल होईस्तोवर मीच हात धरून शाळेत सोडीन, म्हटलं.

चंचल दारात उभी होती. "मंग माले आते मामाकडे जानं नई ना?"

नाही म्हटल्याबरोबर ती धम्मपालच्या घराकडे पळाली. परत आली ती कंपासपेटी, उडी मारायची दोरी आणि रंगीत खडू घेऊन. सगळं धम्मपालच्या लेकीला, नीलमला देऊन टाकलं होतं, म्हणाली. आमच्या पोरीनं न रडता कधीच निरोप घेऊन ठेवला होता, आणि आम्हाला पत्ताही नव्हता. तिला जवळ घेतलं आणि उघडी ट्रंक तशीच टाकून, हाताला काहीही काम नसताना, मी पोटभर रडले.