बसल्या अंगाचं माप

बॉबिन मशीनवरून निसटली, फरशीवर टणकन आपटली आणि घरंगळत लोखंडी कॉटखाली गेली. तेजश्रीनं श्वास रोखून धरला. कॉटवर तिची पाच वर्षांची छकुली झोपली होती. वालचंदनगरच्या क्वार्टरमधली ती दुपार इतकी गप होती, की तेवढा आवाजही भांडं पडल्यासारखा वाटला. छकुली कुशीवर वळली, ओठ चाटले, पुन्हा झोपली. तेजश्रीनं बॉबिनचा नाद सोडला आणि डब्यातली दुसरी काढली. पोरगी झोपली की तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. तो कॉटखाली वाकण्यात घालवून चालणार नव्हतं.

मशीनवर ब्लाउज नव्हता, साडीचा फॉलही नव्हता. विमानाच्या खुर्चीत घालायची गादी होती.

तिची नणंद साक्षी बारामतीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकत होती. रोज पहाटे स्कूटीवर जायची, दुपार कलल्यावर उन्हानं लाल होऊन यायची. पोरगी हुशार, वर्गात पुढं. पण परवा जेवताना तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "सर मला एकटं सोडत न्हाईत."

"म्हंजी?" चतुराबाईंनी, तिच्या आईनं विचारलं.

"शेजारच्या खुर्चीत सर बसत्यात ना शिकवायला. एकदा त्यांचा भरवसा बसला, की ते खाली उतरत्यात आणि म्हणत्यात, जा, आता एकटी एक चक्कर मारून ये. माझ्याबरोबरची सगळी एकटी उडून आली. मीच राह्यले."

"का पण?" तेजश्रीनं विचारलं.

"उतरताना घोळ होतोय. विमान टेकायच्या वक्ताला नाक वर उचलायचं असतं. नाक वर आलं की मला समोरची धावपट्टीच दिसत न्हाई. मग मी मान उंच करती. मान उंच केली की पाय ताठ होत्यात, अन् पाय तर पेडलवर. विमान वाकडं पळतंय." साक्षीनं ताटातली भाकरी नुसतीच मोडली. "ह्या महिन्यात जमलं न्हाई तर सर वर कळवणार, हिच्याच्यानं व्हायचं न्हाई म्हणून. मग संपलंच."

"उंचीनं माझ्यावर गेली, बुटकी, त्येला मी काय करू," चतुराबाई म्हणाल्या. "खाली काय तरी घे की बसायला."

"घेतलं उशीवानी. सटकतंय."

"आमी बैलगाडीत गोणपाटावर बसून इंदापूरचा बाजार केला. हिला विमानात गादी लागती."

"आई, बैलगाडीला बैल असत्यात. वाट त्यास्नी दिसती."

संघपाल, साक्षीचा भाऊ आणि तेजश्रीचा नवरा, ठसका लागेस्तोवर हसला. तेजश्री मात्र हसली नाही. ती साक्षीच्या कमरेकडं बघत होती. जेवण झाल्या झाल्या तिनं टेप काढला, नणंदेला दाराच्या चौकटीला उभं केलं आणि कंबर, मांडी, गुडघा अशी सगळी मापं घेतली.

आता त्याच मापानं गादी झाली होती. आत चार बोटं जाड स्पंज, वर पिंजलेला कापूस, त्यावर चतुराबाईंच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं कापड आणि कडेनं पायपिंग. छकुली जागी झाली तेव्हा तेजश्रीनं तिला गादीवर बसवून बघितलं. पोर आत रुतली आणि खूश झाली.

दुसऱ्या दिवशी साक्षी आली, ती गादी काखेत मारूनच. तिनं ती कॉटवर ठेवली.

"काय झालं?"

"बसले तवा भारी वाटलं. पट्टा आवळला, अन् दाबल्या पावागत बसली खाली. तरी थोडी वर होते, तर पाय पुरंनात. बोटंच टेकत होती पेडलला." साक्षी कॉटवर बसली, गादीवर नाही, शेजारी. "महिपतीकाका, आमच्या विमानांची दुरुस्ती बघत्यात ते, म्हणाले हे कापड चालत न्हाई. आग धरतंय. आणि सुटी गादी तर अजिबात न्हाई. सरकून पेडलखाली गेली तर काय करशील."

आपण केलेली वस्तू त्या पोरीच्या पायाखाली अडकली असती. तिनं गादी उचलून मशीनमागं टाकली.

"सर काय म्हणाले?"

"त्यांनी विचारलं, कुणी शिवली. म्हणलं, वहिनीनं. तर म्हणाले, शिवण चांगली आहे. पण त्यांना सांग, विमानात माणूस उभा राहत नाही."

त्या टोमण्याचा साक्षीलाच राग आला होता. तेजश्रीला आला नाही. ती टेपाकडं बघत राहिली. लग्नाच्या आधीपासून ती मापं घेत आली होती. नवरीची, पोटुशीची, शाळेतल्या पोरींची. सगळी उभी. हात बाजूला, मान सरळ, श्वास सोडा. बसलेलं माणूस वेगळंच असतं. मांडी पसरते, पाठ वाकते, गुडघा वर येतो. हे तिला ठाऊक होतं, पण कधी लागलंच नव्हतं.

"मला तू त्या खुर्चीत बसलेली बघायचीय," ती म्हणाली. "विचार त्यांना."

रविवारी परवानगी मिळाली. तेजश्रीनं जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा सुतळीनं बांधला आणि साक्षीच्या स्कूटीवर मागं मांडीवर घेऊन बसली. छकुली आजीपाशी राहिली, रडून.

विमानं ठेवायच्या हँगरमध्ये पेट्रोलचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास होता. विमान तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी लहान निघालं. दार कपाटाच्या दारापेक्षा मोठं नव्हतं. खुर्चीची शिवण एका बाजूनं उसवलेली, आणि मधोमध खळगा पडलेला, इतकी वर्षं इतकी पोरं बसून गेलेली. तेजश्रीनं त्या खळग्यात हात घातला. तिचा पंजा मनगटापर्यंत आत गेला.

"बस. पट्टा लाव. रोज आवळती तेवढाच आवळ," तिनं सांगितलं.

साक्षी बसली. तेजश्री शेजारच्या, सरांच्या खुर्चीवर गुडघे टेकून वाकली आणि तिच्या खाली वर्तमानपत्रं सारू लागली. कागद दाबला तरी बसत नाही, म्हणून तिनं ते आणले होते.

"दिसतंय का?"

"नाक दिसतंय. पलीकडचं न्हाई."

आणखी घड्या सारल्या.

"आता?"

"आता हँगरच्या दाराची चौकट दिसाय लागली. खालनंसुद्धा."

"मान उंच केलीस का?"

"न्हाई गं, वहिनी. बघ की."

"आन पाय?"

साक्षीनं पाय लांबवले. "लोंबकळत्यात."

मग तेजश्रीनं पाठीमागं कागद सारायला सुरुवात केली. साक्षी बोटबोटभर पुढं येत गेली, आणि पेडल पार तळापर्यंत दाबलं गेलं. साक्षीनं नाक उचलायचं समोरचं हँडल पोटाशी ओढलं. ते मांडीवर अडलं. तेजश्रीनं पुढच्या कडेचे कागद एकेक करून उपसले, बैठकीला उतार येईपर्यंत. आता हँडल पुरतं मागं आलं.

महिपतीकाका हात पुसत बघत उभे होते. त्यांनी आतून करड्या कापडाचा एक तुकडा आणला, त्याच्या कोपऱ्याला काडी लावली. कापड काळं पडलं, धुमसलं आणि विझलं. "खुर्च्यांचं उरलेलं आहे. हेच वापरा," ते म्हणाले. "आणि पट्टे खुर्चीच्या सांगाड्याला बांधायचे. मी ओढून बघणार."

परतताना इंदापूर रस्त्यावर अय्युबभाईंचं दुकान लागलं. ट्रॅक्टरच्या, जीपच्या सीटा बांधायचं. तेजश्रीनं साक्षीच्या खालून काढलेला कागदांचा गठ्ठा काउंटरवर ठेवला. "एवढ्याच जाडीचा फोम पायजे. आन कागदागत कडक."

अय्युबभाईंनी गठ्ठा अंगठ्यानं दाबला. "मग दाबलेला न्या भाभी, ट्रॅक्टरवाल्यांना देतो त्यो. दिसभर ढेकळांत आदळला तरी बसत न्हाय. कंच्या गाडीला?"

"विमानाला."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग बोर्डावर लिवू का? ट्रॅक्टर, जीप आन विमान?"

"आधी ती उडू दे. मग लिवा."

पुढचे काही दिवस छकुलीची झोप संपली की शिवण थांबायची. जाड कापडाला सुई मोडायला लागली, तेव्हा तेजश्रीनं पाय उचलला आणि चाक हातानं फिरवत एकेक टाका घातला. चतुराबाई पलीकडून कापड ताणून धरायच्या. एका दुपारी त्यांनी हिरव्या लुगड्याची एक चिंधी पुढं केली.

"आतल्या अंगाला. कुनाला दिसायची न्हाय."

"न्हाई चालायचं, मामी. आग धरतंय ते." तेजश्री सासूला मामीच म्हणायची.

चतुराबाईंनी चिंधी चार पदरी घडी केली आणि कनवटीला खोचली. परत कापड धरलं, पहिल्यापेक्षा ताठ.

गादी झाली त्या सकाळी तेजश्री स्वतःच बारामतीला निघाली. या खेपेला छकुली घरी राहायचं नाव घेईना, म्हणून तिलाही घेतलं. महिपतीकाकांनी गादी बांधली, खांदा लावून हिसके दिले, शिवणीवरून नख फिरवलं. मग मान हलवली. साक्षी आणि सर विमानात बसले.

मायलेकी हँगरच्या सावलीत उभ्या राहिल्या. विमान वर गेलं, उसाच्या फडांवरून वळलं, उतरलं, आणि न थांबता पुन्हा वर गेलं. असं किती वेळा झालं, तेजश्रीनं मोजलं नाही. प्रत्येक वेळी चाक टेकताना तिची नजर नुसती एवढंच बघायची, की नाक सरळ आहे का. सरळ होतं.

मग विमान थांबलं. पंखा फिरतच होता. एका बाजूचं दार उघडलं आणि सर खाली उतरले. दार लावून, कानावरचा हेडफोन हातात घेऊन ते गवतातून चालत आले, आणि तेजश्रीच्या शेजारी येऊन उभे राहिले. तोवर विमान हललं होतं.

"तुमी उतरलात?" तिनं विचारलं.

"हो."

"मग शेजारी कोण?"

"कोणी नाही." ते विमानाकडंच बघत होते. "मी नसलो की विमान हलकं होतं. लवकर उचलतं. तेवढं तिला सांगितलंय."

विमान पट्टीवर धावलं आणि खरंच लवकर उचललं. विमान लहान होत गेलं, वळलं, लांबच्या झाडांमागं आवाजही विरला. सरांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं.

"आज तिनं एकदाही मान उंच केली नाही," ते म्हणाले. एवढंच.

आवाज परत आला. विमान समोरून खाली येऊ लागलं, पंख किंचित डुलले, सावरले. पट्टीवर आलं, आणि जमिनीच्या अगदी जवळ नाक वर उचललं गेलं. आता तिला पट्टी दिसतेय, आत्ता, तेजश्री मनात म्हणाली. दिसतेय. चाकं जमिनीला शिवली, चिमूटभर धूर उठला, आणि विमान पांढऱ्या रेघेवरून सरळ धावत गेलं.

सरांनी हेडफोन काखेत मारला आणि टाळी वाजवली. महिपतीकाका पाण्याची बादली घेऊन निघाले, पहिल्यांदा एकटं उतरणाऱ्याच्या डोक्यावर ओततात ती.

"आई, हात दुकतोय," छकुली म्हणाली.

तेजश्रीनं खाली बघितलं. तिनं पोरीचं मनगट किती वेळ आवळून धरलं होतं कोण जाणे. बोटांचे वळ उठले होते. तिनं हात सोडला, वळांवर फुंकर घातली. छकुली वळांकडं बघतच नव्हती. ती लांबून, विमानातून उतरून, ओलीचिंब होऊन हसत येणाऱ्या आत्याकडं बघत होती.

"सरांनी आत्याला सोडलं," ती म्हणाली. मग मान वर करून आईकडं बघितलं. "मी मोटी झाले की तू मला सोडशील का, अशी एकटी?"