सोसायटीचा घाणा

जाऊबाईंच्या फळीवर तेलाची प्लास्टिकची पिशवी दिसली आणि भावजींनी ती उचलून अंगणात भिरकावली. तिथनंच सगळं सुरू झालं म्हणा.

पिशवी फुटली. पिवळं तेल धुळीत पसरलं. जाऊबाई डाव हातात घेऊनच बाहेर धावल्या. खाली बसून, वरवरचं जेवढं हाती लागेल तेवढं वाटीत भरायला लागल्या.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? आठवड्याचं तेल होतं ते!"

"माझ्या घरात हे तेल?" भावजींचा आवाज चढलेला. "गिरणीचा मिस्त्री मी. तिकडं आपल्या तेलाचे डबे पडून राहिलेत आन् माझीच बायको जहाजातनं आलेलं तेल ओततीय कढईत!"

"मग आणा ना तुमच्या गिरणीचं! त्याच पैशात मला अर्धं येतं. अर्ध्या तेलात आठवडा काढून दाखवा. अहो, चेअरमनची बायको हेच घेती. दुकानदार तर म्हणतो, गिरणीचा डबा कुणी विचारत नाही म्हणून मागं सरकवलाय."

"चेअरमनच्या बायकोनं विहिरीत उडी टाकली तर तूपण टाकणार?"

"टाकीन. तिथं तरी तेलाचा हिशोब द्यावा लागणार नाही."

मी भिंतीपलीकडनं ऐकत होते. एक भिंत, दोन घरं. इकडं शिंक आली की तिकडं कळतं. भांडण सोडवायला जावं असं मनात आलं, पण पाय उचलेना. आमच्याही फळीवर तीच पिशवी होती. मी ती हळूच पिठाच्या डब्यामागं सरकवली.

गिरणी गावाची होती. सासऱ्यांच्या वेळी घराघरानं पोतं-पोतं भुईमुगाच्या शेंगा दिल्या, त्या विकून यंत्र आणलं, आणि ज्यानं पोतं दिलं तो सभासद. नाव सोसायटीचं, पण सगळे म्हणायचे 'आपला घाणा'. भावजी सोळाव्या वर्षी तिथं झाडू मारायला लागले आणि चाळिशीच्या आत मिस्त्री झाले. शिकवलं कुणी नाही. यंत्राच्या पत्र्याला कान लावून उभे राहायचे आणि म्हणायचे, "दाणा ओला आहे." पोतं सोडून बघावं तर खरंच ओला. मी तिथं चाळणीवर होते. आम्ही बायका हसायचो, की मिस्त्री बायकोपेक्षा घाण्याशी जास्त बोलतात. जाऊबाई म्हणायच्या, "बोलू देत. घाणा उलट बोलत नाही."

एके काळी तिन्ही पाळ्या चालायच्या. मग सरकारनं बाहेरच्या तेलावरचा कर उतरवला. शहरातल्या माणसांना स्वस्त तेल मिळावं म्हणून, असं चेअरमन म्हणाले. शहरातल्यांना मिळालं, तसं आम्हालाही मिळालं. तिथंच तर मेख होती. कुणी आमच्यावर तलवार घेऊन चालून आलं नाही. पिशवी दुकानात टांगलेली असायची, आपण जायचं, आपल्या हातानं काढून घ्यायची. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक. शेवटी आठवड्यातले दोन दिवस घाणा चालायचा आणि बाकीचे दिवस भावजी त्याच्यावरची धूळ पुसायचे.

त्या भांडणानंतर भावजींनी हट्टच धरला. घरात गिरणीचंच तेल. जाऊबाईंनी डाव मोजून मोजून पुरवलं. भाजी कोरडी, तव्याला सगळं चिकटायचं. भावजी मुकाट गिळायचे आणि वर म्हणायचे, "चव आहे बघ याला." जाऊबाई कपाळाला हात लावायच्या.

पेरणीच्या आधी महिनाभर सभेची चिठ्ठी आली. बाहेरचं तेल आणणारी एक कंपनी गिरणी विकत घ्यायला तयार होती.

सभा गिरणीच्या आवारात, पत्र्याखाली. ऊन असं की पत्रा तडतड वाजत होता. चेअरमननी कंपनीच्या साहेबाला शेजारी बसवलेलं. चष्मा लावलेला, गोड बोलणारा, वयानं आमच्या थोरल्या लेकीहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्यानं सांगितलं, प्रत्येक शेअरला दर्शनी किमतीच्या वीसपट देऊ. दोन आठवड्यांत. हातात.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मागनं कुणीतरी म्हणालं, "आजवर या शेअरनं मला वर्षाला एक डबा तेल दिलं, ते बी चेअरमनचं मन झालं तर." सगळे हसले. चेअरमनसुद्धा.

भावजी उठले. सभेत बोलायची सवय नाही. हातातलं फडकं पिळत राहिले.

"साहेब, एकच विचारतो. गिरणी घेतल्यावर आमच्या शेंगा घेणार का?"

"घेऊ ना. बाजारभावानं."

"बाजार कुठला?"

"बाजार म्हणजे... बाजार. आता सगळीकडं एकच असतो."

"तसं नाही. आमच्या बाजारात भाव ठरतो तेव्हा पाऊस किती झाला ते बघतात. तुमच्या बाजारात कुठला पाऊस बघतात?"

साहेबानं चेअरमनकडं बघितलं. उत्तर तसंही कुणाला नको होतं. चेअरमन म्हणाले, "मिस्त्री, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार? गोदामात अडीचशे डबे पडलेत. घ्या, तुम्हीच विका." भावजी खाली बसले. एका कोपऱ्यातनं म्हातारा हमाल पुटपुटला, "तेल गेलं, तूप गेलं." पुढचं तो बोलला नाही. लोकांना पाठच होतं.

मग हात वर करा म्हणाले.

आता खरं सांगते. सासूबाईंचं शेवटचं दुखणं मी काढलं, म्हणून त्यांचा शेअर त्यांनी माझ्या नावावर केला होता. नवऱ्याच्या नावावर नाही, माझ्या. आमची थोरली बारावी पास होऊन दोन वर्षं घरी होती. तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि भरायची रक्कम आमच्या उभ्या जन्मात जमली नसती. वीसपट म्हणजे बरोबर तेवढी होत होती. जणू साहेबानं माझ्या घरात बसून आकडा काढला होता.

भावजी दोन रांगा पुढं बसले होते. मी मनात म्हटलं, वळून बघू नका. आणि हात वर केला.

त्यांनी वळून बघितलं.

डोळ्यात राग नव्हता. नुसते माझ्या हाताकडं बघत राहिले, दाणा ओला आहे की कोरडा ते बघावं तसे. मग पुढं तोंड केलं. मी हात खाली घेतला नाही. घेऊन तरी काय, बघायचं ते बघून झालं होतं.

पैसे दोन आठवड्यांत आले. साहेब शब्दाचा पक्का. थोरली गेली. पहिल्याच महिन्यात कुणी घराला रंग दिला, कुणी दुचाकी घेतली, कुणी नुसतंच खाल्लं. भावजींच्या शेअरचे पैसेही आले. जाऊबाईंनी पत्रे बदलून घेतले. भावजी त्या नव्या पत्र्याखाली झोपायचे, पण वर बघायचे नाहीत.

मग कंपनीनं त्यांनाच बोलावलं. घाणा उतरवायचा होता.

"उतरवायचा म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"सोडवायचा. आम्हाला इथं गोदाम करायचंय, टाक्या बसवायच्यात. यंत्र परदेशातल्या एकानं घेतलंय. तिकडं अजून चालतं असलं. तुमच्याशिवाय कोण सोडवणार, मिस्त्री? मजुरी दुप्पट देऊ."

घरी येऊन ते ओट्यावर बसले. जाऊबाईंनी पाणी आणून दिलं.

"जाऊ नका," त्या म्हणाल्या. मला नवल वाटलं, कारण दुप्पट मजुरीला नाही म्हणणारी ती बाई नव्हे. "दुसऱ्या कुणाला तोडू देत."

"दुसरा घण मारून तोडेल गं. माझ्या हातानं निघाला तर शाबूत निघेल." मग पाण्याचं भांडं खाली ठेवून म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. झालो मी दांडा."

पंचवीस दिवस लागले. मी रोजंदारीवर पुसायला होते, म्हणून डोळ्यांनी बघितलं. एकेक सळी, एकेक कडं काढायचे, रॉकेलनं धुवायचे, ग्रीस चोळून गोणपाटात गुंडाळायचे. आयुष्यात एवढी मजुरी त्यांना कधी मिळाली नव्हती. शेवटी मधला दांडा निघाला, माणसाच्या उंचीचा, पीळ पडलेला. चौघांनी उचलला. भावजींनी त्याच्यावर हात ठेवला, पण चौघं थांबले नाहीत. ट्रक भरला, ताडपत्री ओढली, गेला. जमिनीवर नटबोल्टांची चार भोकं राहिली. संध्याकाळपर्यंत त्यांत कुणीतरी विड्यांची थोटकं टाकली होती.

पेरणी आली. ज्यांनी शेंगा पेरल्या त्यांत आम्हीही होतो. आमच्या मुरमाड रानात दुसरं येतंय कुठं? चार पोती निघाली. बाजारभावानं घेऊ म्हणणारा साहेब भाव सांगायला बसला, तर तो तेलाच्या पिशवीच्या हिशोबानं सांगत होता. त्या भावात काढणीची मजुरीसुद्धा निघत नव्हती. दुसरी गिरणी चार तालुके पलीकडं. तिथं न्यायचं तर टेम्पोच निम्मं खाणार. नवरा म्हणाला, "ठेव. भाव येईल." पोत्यांना उंदीर लागले. दोन पोती गुरांना घातली, एक पडत्या भावानं दिलं, एक बियाण्याला म्हणून ठेवलं आणि पुढच्या साली पेरलंच नाही. गावानं शेंगा सोडल्या. कुणी कंपनीचा मका धरला, कुणी रान पडीक ठेवून शहरात गवंड्याच्या हाताखाली गेलं. थोरलीचा फोन यायचा, "आई, इथं सगळ्या मुली परदेशातल्या दवाखान्यांची परीक्षा देतात. मी पण देते." मी म्हणायचे, दे. आणखी काय म्हणणार? हात तर मीच वर केला होता.

भावजींना कंपनीनं टाक्या साफ करायला ठेवलं. तेलाचा टँकर यायच्या आधी टाकीत शिडीनं उतरायचं, तळाचा चिकट गाळ खरवडायचा, बादलीनं वर काढायचा. मी वरनं बादली ओढायचे. आत वास असा की डोकं धरायचं.

एकदा ते टाकीत, मी टाकीच्या तोंडाशी, असे दोघंच होतो. मला राहवलं नाही.

"भावजी, त्या दिवशी माझा हात..."

"मोजले होते मी हात," ते आतनं म्हणाले. आवाज घुमत आला. "तुझा धरून दोनशे सत्तर. विरोधात एकोणीस."

"तरी पण..."

"तुझा नसता तर दोनशे एकोणसत्तर झाले असते, धाकटे. बादली ओढ."

ते समजूत घालत होते की शिक्षा देत होते, मला आजही सांगता येत नाही. त्यांनी तो विषय परत काढला नाही. मीही नाही.

टाक्या बसवल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही जेवायला बसलो होतो आणि साहेब मोबाईल पुढं धरून धावत आला. "मिस्त्री, तिकडनं व्हिडिओ कॉल आहे. यंत्र बसवलंय त्यांनी, पण तेल नीट पडेना."

भावजींनी हात पुसले. फोनमध्ये एक माणूस दिसत होता, भावजींच्याच वयाचा, टोपी घातलेला, नखांत काळं ग्रीस. तो त्याच्या भाषेत काहीबाही बोलायला लागला. साहेब मोडकंतोडकं समजावायला लागला, तर भावजींनी त्याला हातानं गप्प केलं. दोन बोटं एकमेकांवर चोळून दाखवली. त्या माणसाला कळलं. त्यानं यंत्रातनं पेंड काढली आणि कॅमेऱ्यासमोर मुठीत दाबली. पेंड तेलकट, मुठीत गोळा झाली.

"दाणा गरम करत नाहीत," भावजी म्हणाले, आणि चुलीवर हात शेकल्यासारखं करून दाखवलं. मग मनगट फिरवून टोकाचं सुळकं, जिथनं पेंड बाहेर पडते ते, आवळायला सांगितलं. जरा. आणखी जरा. बस.

तो माणूस गेला. फोनात नुसती भिंत दिसत राहिली. अर्धा तास थांबलो. साहेब घड्याळ बघत होता, भावजी हलले नाहीत. मग तिकडं मोटार सुरू झाली. आधी खडखड, मग आवाज लागला.

भावजींनी फोन साहेबाच्या हातातनं घेऊन कानाला लावला. चित्र बघितलं नाही. डोळे मिटले. त्यांचा चेहरा मी तीस वर्षं बघितलाय, पण तसा कधी बघितला नव्हता. फोनातला माणूस काहीतरी ओरडला, त्याच्या मागनं आणखी दोघं-तिघं ओरडले. आनंदानं, ते भाषा न येता कळत होतं.

मग कॉल कटला.

"शाबास मिस्त्री," साहेब म्हणाला. "तेल पडायला लागलं म्हणे त्यांचं. बरं, आवरा आता, दोन वाजता टँकर येतोय."

भावजींनी फोन त्याला दिला. उरलेलं जेवण तसंच झाकून ठेवलं, खरवडणी उचलली आणि शिडीला पाय लावला.

"भावजी," मी म्हटलं, "चार घास खाऊन घ्या की."

"दोन वाजता येतोय म्हणाला ना तो," ते म्हणाले, आणि टाकीत उतरले.