एकही चुकली नाही

कपडे उसवून, घट्ट-सैल करून देणाऱ्या त्या दुकानात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. कात्री हातात असायची आणि तोंडातही. कमरेत पँट घट्ट होते म्हणून कुणी आलं की ती चष्म्यावरून बघायची. "पँट वाढवू की पोट कमी करू? पँट संध्याकाळी मिळेल. पोटाची तारीख देत नाही."

अशा बाईला एक थाप जड जाऊ नये. थापा ती दिवसाला दहा मारायची, कुणाला कपडा तयार आहे म्हणून, कुणाला दोरा संपला म्हणून. पण ही थाप आठ महिन्यांची झाली होती, आणि फडताळात विसरलेल्या डब्यासारखा तिचा वास आता तिला एकटीलाच येत होता.

झालं होतं असं. तीन वर्षांमागे तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. छाती काढली, केमो झाली, रेडिएशन झालं, केस गेले, केस आले. मग गाठ परत येऊ नये म्हणून डॉक्टरांनी पाच वर्षं रोज एक गोळी घ्यायला सांगितली. तिचा नवरा घड्याळजी. त्याच्या घरात नऊ वाजतात म्हणजे सात घड्याळांत वाजतात. सकाळी नऊच्या ठोक्याला तो एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात गोळी घेऊन उभा. गोळी गेली की कॅलेंडरवर बारीक फुली. घड्याळाचे स्क्रू लावणाऱ्या माणसाची फुली, चौकटीला कुठेही न शिवणारी.

पण गोळीनं तिच्या अंगातून भट्टीसारख्या वाफा निघायला लागल्या. एकदा लग्नाच्या रेशमी पोशाखावर कपाळाचा घाम टपकला आणि डाग राहिला. बोटांत असे गोळे यायचे की कात्री मिटायची नाही. म्हणून तिनं एक आठवडा सुट्टी घ्यायची ठरवली. गोळी गालात धरायची, पाणी प्यायचं, वर आ करून जीभ दाखवायची. "बघा साहेब, माल पोचला." नवरा हसायचा, तोंडात बघायचाही नाही. मग रस्त्यात गोळी रुमालात, आणि रुमालातून दुकानातल्या चिंध्यांच्या पोत्यात. चिंध्या गादीवाला न्यायचा. कुणीतरी कुठेतरी आपल्या गोळ्यांवर घोरत असेल, या विचारानं पहिले काही दिवस तिला गंमत वाटली.

आठवड्याचे आठ महिने झाले. वाफा गेल्या, बोटं सुटली. आणि केमोत बंद पडलेली पाळी परत आली. त्याचा तिला आनंद झाला होता, आणि शेहेचाळिसाव्या वर्षी पाळीचा आनंद कुणाला सांगणार. ती लाजली आणि गप्प बसली. पुढे मात्र पाळी थांबेचना. पंधरा दिवस, वीस दिवस. एकदा दुकानातल्या स्टुलावर डाग पडला, तो तिनं गिऱ्हाइकाच्या अस्तराचा तुकडा टाकून झाकला. त्या दिवशी नवऱ्याला सांगावं लागलं. अर्धंच सांगितलं.

बायकांच्या डॉक्टरीण बाईंनी सोनोग्राफी केली, आतला तुकडा काढून तपासला.

"कॅन्सर नाही," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "पण पिशवीचं अस्तर जाड झालंय. ही गोळी कधीकधी असं करते. अजून अडीच वर्षं गोळी घ्यायची आहे तुम्हाला. दोन वाटा आहेत. दर काही महिन्यांनी तपासत राहायचं, नाहीतर पिशवी काढून टाकायची आणि निवांत गोळी घ्यायची. घाई नाही. पुढच्या गुरुवारी ठरवून या."

"ही गोळीला फार पक्की आहे," नवरा म्हणाला. "मी साक्षीला आहे."

कात्रीबाईनं टेबलावरच्या प्लास्टिकच्या गर्भाशयाकडे बघितलं. ते दोन कड्या काढून उघडायचं. एक कडी कुणीतरी तोडली होती.

दुकानात शेजारच्या मशीनवर वन्सं बसायच्या, नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी पाय न थांबवता निकाल दिला. "काढून टाक. माझी काढली त्याला बारा वर्षं झाली. एक दिवस आठवण आली नाही. जिचं काम संपलं तिला घरात कशाला ठेवायचं?"

"मग तुमच्या भावाला केव्हा काढू या?"

"त्याचं काम अजून आहे. गोळी कोण देणार तुला?" वन्सं दोरा दातानं तोडत म्हणाल्या. "मी गिऱ्हाइकांना सांगते, माझ्या भावासारखा नवरा आणि भावजयीसारखी पेशंट बघायला मिळणार नाही. एक दिवस चुकली नाही पोरगी."

कात्रीबाई शिवण उसवत राहिली. मानेपासून कानापर्यंत गरम झालं. गोळी बंद असताना ही वाफ कुठली, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

त्या आठवड्यात तिनं सांगायचा प्रयत्न तीनदा केला. एकदा नवरा भिंग डोळ्याला लावून बसला होता, एकदा भाजी चिरत होता, एकदा तिनं "अहो" म्हटलं आणि तो इतक्या पटकन "काय होतंय?" म्हणून उठला की ती म्हणाली, "काही नाही, तुमची चेन उघडी आहे." नव्हती. त्यानं तरी बघितली.

आणि मग तिच्या डोक्यात एक लबाड हिशेब बसला. पिशवी काढली की रक्त थांबेल. रक्त थांबलं की कुणी विचारणार नाही. पिशवीबरोबर थापही जाईल, दोन्ही एकाच बादलीत. गोळी मग उद्यापासून खरीच घेऊ. कुणाला काय कळतंय? वाण्याकडून चॉकलेट उचललेल्या मुलीनं वाण्याचं दुकानच जळावं म्हणून देवाला हात जोडावेत, तसं होतं हे. तिला ते दिसत होतं. तरी बुधवारी ती म्हणाली, "काढून टाकू."

"नक्की? पोट तुझं आहे," नवरा म्हणाला.

"नक्की."

गुरुवारी डॉक्टरीण बाईंनी ऑपरेशनचे कागद पुढे ओढले. दारात एक तरुण मुलगी उभी होती, डोक्याला रुमाल, भुवया नुकत्या उगवलेल्या. डॉक्टरीण बाईंनी तिला आत बोलावून बसवलं.

"हिची ट्रीटमेंट आत्ता संपली. गोळी सुरू करायला तयार नाही. बाई, तुम्ही सांगा हिला. तुम्ही एक दिवस चुकला नाहीत."

"एकही नाही," नवरा म्हणाला. त्यानं खिशातून घडी केलेली कॅलेंडरची पानं काढली. आणायला सांगितली नव्हती कुणी. आणली होती. रुमालवाल्या मुलीनं त्या फुल्या बघितल्या, मग कात्रीबाईकडे बघितलं, वर्गात पहिल्या आलेल्या मुलीकडे बघतात तसं.

"ताई, फार त्रास होतो म्हणतात. तुम्हाला नाही झाला?"

आणि कात्रीबाई बोलली. वाईट म्हणजे, छान बोलली. वाफा येतात म्हणाली, थंडीत हीटर लागत नाही. बोटं आखडतात म्हणाली, पण नवऱ्याचा कान धरण्यापुरती चालतात. मुलगी हसली. जाताना म्हणाली, "तुम्ही करू शकलात तर मीही करीन. आजपासून घेते." आणि औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर बाकावर जाऊन बसली, औषधाच्या खिडकीवरच्या नंबरची वाट बघत.

डॉक्टरीण बाईंनी पेन पुढे केलं. "इथे सही."

कात्रीबाईनं पेन घेतलं. टोपण काढलं, लावलं, काढलं.

"मी गोळी घेत नाही," ती म्हणाली.

"आज राहिली का?"

"आठ महिने."

खोलीत पंखा फिरत होता. नवरा कॅलेंडरची पानं परत घडीत घालत होता, तो घालतच राहिला, घडी जमेना.

डॉक्टरीण बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे मी पुढच्या आठवड्यात तुमचं गर्भाशय काढणार होते. कशासाठी? तर तुम्ही घेत नसलेली गोळी तुम्हाला बिनधास्त घेता यावी म्हणून."

कात्रीबाईला हसू फुटलं. सवयच होती. अर्ध्यात नवऱ्याकडे लक्ष गेलं आणि ते हसू तोंडातच राहिलं, थुंकता येईना, गिळता येईना.

डॉक्टरीण बाई चिडल्या, मग सहीचा कागद फाडला, मग शांत झाल्या. पाळी अशी मागेपुढे व्हायला लागली की गोळीशिवायही अस्तर जाड होतं, म्हणाल्या. पिशवीचं नंतर बघू, तीन महिन्यांनी परत तपासू. आधी छातीचं बघायला हवं, आठ महिने गोळीशिवाय गेलेत, सोमवारी साडेदहाला या. त्रास होत होता तर सांगायचं होतं, दुसरं औषध आहे, इंजेक्शन आहे. "ओरडा खाल्ला असता एवढंच. ऑपरेशनपेक्षा ओरडा बरा."

बाहेर आल्यावर नवरा थांबला.

"रोज जीभ दाखवायचीस."

"हो."

"मी बघत नव्हतो. बघायचं म्हणजे अविश्वास वाटला असता." तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. ते चार मिनिटं मागे होतं आणि तो त्याबद्दल काहीच बोलला नाही. "कुठे टाकायचीस?"

"चिंध्यांत."

त्यानं मान हलवली. जिन्यापाशी जाऊन कठड्याला धरून उभा राहिला, तिच्याकडे पाठ करून. पण खाली उतरला नाही.

बाकावर रुमालवाली मुलगी अजून होती. तिनं हात हलवला, जागा केली. कात्रीबाईला वाटलं, हिला कशाला? हिला तर फायदाच झाला खोट्याचा. हिनं घेतली तर वाचेलच. एवढी एक थाप राहू दे जगात, पुण्याची आहे.

पण उद्या हिला वाफा येतील. बोटं आखडतील. मग हिला ती छान बाई आठवेल, जिला सगळं जमलं, आणि आपण कमी पडलो म्हणून गोळी गालात धरेल. आणि सांगणार नाही कुणाला.

ती मुलीशेजारी बसली. पायांत पर्स ठेवली. वरवरची, चेष्टेची, नेहमीची वाक्यं शोधली, एकही सापडलं नाही.

"मघाशी मी तुला सांगितलं ना," ती म्हणाली, "ते खोटं होतं. मी आठ महिने गोळी टाकून देतेय. आत्ता आत सांगून आले."

मुलीचा चेहरा उतरला. ती जराशी सरकली, इंचभर, बाकाच्या टोकाकडे. कात्रीबाईनं ते बघितलं आणि तिथेच बसून राहिली.

"मग मला का सांगताय आता?" मुलगी म्हणाली.

"त्रास झाला तर त्याच दिवशी डॉक्टरीण बाईंना सांगायला ये म्हणून. दुसरं औषध असतं म्हणे. मला आज कळलं."

मुलगी चिठ्ठीकडे बघत राहिली. मग कात्रीबाईकडे न बघताच तिनं विचारलं, "तुम्ही येणार का परत? की नुसतंच म्हणताय?"

"सोमवारी. साडेदहाचा नंबर आहे."

"मी अकराला आहे," मुलगी म्हणाली, आणि सरकली होती तिथेच, इंचभर लांब, बसून राहिली.